टाळूवरची सुई

माणसाचं शरीर ही विश्वाची छोटी प्रत आहे. जो ऋतू बाहेर, तोच आत. हे सनातन सत्य सुईवाल्या बाईंच्या खोलीत चौकट करून भिंतीवर लावलेलं होतं, आणि भिंतीला नेमकी तिथेच ओल आली होती म्हणून ते तिथे लावलेलं होतं. चौकटीच्या खालून ओल थोडी डोकवायची. गेली दोन वर्षं, जवळजवळ दर ऋतुपालटाला, तो त्या ओलीकडे बघत पडून राहत आला होता. अंगात सुया, अंगावर पातळ चादर, आणि पडद्यापलीकडून बाईंचा आवाज, "हलायचं नाही हं, दादा." वसंतात यकृत सांभाळायचं, उन्हाळ्यात हृदय, पानगळीत फुप्फुसं, थंडीत मूत्रपिंडं, असा बाईंचा हिशेब होता. त्याला तो पटत नव्हता आणि खोडताही येत नव्हता. आपल्याला यकृत आहे हे त्याला बाईंकडे जायला लागल्यापासूनच प्रकर्षानं जाणवायला लागलं होतं. तोवर ते बिचारं कुठल्याही ऋतूत बिनबोभाट काम करत होतं. त्या दिवशीही तो जेवणाच्या सुट्टीत जाऊन पडला, ओलीकडे बघता बघता त्याचा डोळा लागला, बाईंनी उठवलं, त्यानं बूट चढवले आणि तो कचेरीत परतला. इथवर सगळं ठीक होतं. मग लिफ्टमध्ये त्याच्या मागे उभी असलेली एक उंच बाई, जिला त्यानं आधी कधी पाहिलं नव्हतं, अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, तुमच्या डोक्यात सुई आहे."

"हो," तो म्हणाला. भरलेल्या लिफ्टमध्ये सभ्य माणसाला याहून वेगळं काही सुचत नाही. वर तो "थँक्यू" असंही म्हणाला. बाई आपल्या मजल्यावर उतरून गेली. उरलेल्या लोकांनी त्याच्या डोक्याकडे न बघण्याचा इतका कसून प्रयत्न केला की सगळ्यांना सुई दिसते आहे याची त्याला खात्रीच पटली. सगळ्यात वरच्या मजल्यावर उतरल्यावर त्यानं हळूच हात वर नेला. टाळूच्या जरा मागे, बोटाच्या टोकाला काहीतरी बारीक, ताठ लागलं. त्यानं हात झटकन खाली घेतला. बाई टाळूवर नेहमीच एक सुई लावायच्या, 'सगळ्या वाटा इथे येऊन मिळतात' असं म्हणत. आज काढायची राहिली असणार. उपटून टाकावी हे साहजिक होतं. पण बाई मागे एकदा, वेगळ्याच संदर्भात, म्हणाल्या होत्या, "सुई ज्यानं घातली त्यानंच काढावी, नाहीतर वाट अर्धवट उघडी राहते." तेव्हा तो मनात हसला होता. आता जिन्याच्या तोंडाशी, डोक्यात सुई घेऊन उभा असताना, त्या वाक्यात हसण्यासारखं नेमकं काय होतं ते त्याला काही केल्या आठवेना.

त्याचं काम हवेचं होतं. त्या काचेच्या प्रचंड इमारतीतल्या सगळ्या मजल्यांवर बारा महिने एकच हवा ठेवायची जबाबदारी त्याच्याकडे होती. गच्चीखालच्या यंत्रांच्या खोलीत तो आणि एक फिटर असे दोघे बसायचे. भोवती जाड पाइप, पंख्यांची घरघर, आणि समोरच्या पडद्यावर प्रत्येक मजल्याचं तापमान. इमारतीत ऋतू नव्हता. खालचे लोक त्याला 'हवामान खातं' म्हणायचे, पाठीमागे आणि कधी कधी तोंडावरही. खात्याकडे तक्रारी मात्र ऋतुमानाप्रमाणेच यायच्या. हिशेब विभागात खिडकीजवळच्यांना उकडायचं आणि दारापाशी बसणाऱ्यांना हुडहुडी भरायची. दोघांचे फोन एकाच वेळी यायचे. शेवटी त्यानं आणि फिटरनं तिथे भिंतीवर एक गोल चकती बसवली. आकडे होते, काटा होता, फिरवली की टक् असा समाधानकारक आवाज व्हायचा. तिच्या तारा भिंतीत जरा आत जाऊन गिलाव्यामागे संपत होत्या. चकती कशालाच जोडलेली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तक्रारी बंद. दाराजवळच्या एका वयस्क बाईंनी मुद्दाम फोन करून सांगितलं, "आता बघा कसं छान वाटतंय. मी जरासाच काटा वर केला. माझे गुडघेसुद्धा दुखायचे थांबले." फिटर हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. तोही हसला. पण नंतर त्या बाई कधी जिन्यात भेटल्या आणि खाली बसून उठून दाखवायला लागल्या की त्याला कसंतरीच व्हायचं. गुडघे दुखायचे थांबले होते हे तर खरंच होतं. आणि सुईवाल्या बाईंच्या खोलीत चादरीखाली पडल्या पडल्या हा विचार न चुकता यायचा, की या सुयांच्या तारा कुठे जातात? जोडलेल्या आहेत, की आपल्याही गिलाव्यामागे आत जाऊन संपतात?

त्याला होत काय होतं, हे त्याला कुणालाही नीट सांगता आलं नव्हतं. हवा पालटायला लागली की डोक्याच्या डाव्या बाजूला एक रिकामपण यायचं. भाडेकरू सामान घेऊन गेल्यावर खोलीत आवाज घुमतो तसं. चालताना जमीन क्षणभर उशिरा पायाला लागायची. छातीत काही नाही, पोटात काही नाही, पण कुणीतरी मागे उभं आहे आणि आता खांद्यावर हात ठेवणार आहे असं दिवसभर वाटायचं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. सगळं नॉर्मल. डोक्याचा फोटो काढला, त्यात काही सापडलं नाही. कचेरीत ही बातमी मोठ्या आनंदानं पसरली. डॉक्टर कागद गोळा करत म्हणाले, "काही नाही हो, हवा बदलली की होतंच." झालं. नेमकं हे वाक्य घरी नेता येण्यासारखं नव्हतं. त्याच्या घरात त्या वाक्याला बंदी होती.

बायकोचा धाकटा भाऊ असाच हवा पालटताना गेला. ती शाळेत भूमिती शिकवायची; पुराव्याशिवाय फळ्यावरची एक रेघ मान्य करायची नाही, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच भांडणात तिनं नवऱ्याला 'पक्ष काय, साध्य काय' असं विचारलं होतं. भावाचा फोन आला तेव्हा ती पेपर तपासत होती. "ताई, कणकण आहे, दम लागतोय जरा," तो म्हणाला. "अरे, हवा बदलली की होतंच," ती म्हणाली, "गरम पाणी पी आणि झोप." त्याप्रमाणे तो गरम पाणी प्यायला आणि झोपला. त्यानंतर एक दिवस घरी मुळ्या, साली, वाळकी फुलं आणि बरण्या आल्या. आलं, मिरी, ज्येष्ठमध ही ओळखीची मंडळी सोडली तर बाकीची नावं कुठल्या तरी दूरच्या नातेवाइकांसारखी, ऐकलेली पण चेहरा न आठवणारी. पानगळ लागली की एक काढा, थंडीचा दुसरा, उन्हं तापली की तिसरा. खिडकी उघडी टाकून ती उकळत उभी राहायची, कारण वास घरात कोंडायचा. वाफेतला तिचा चेहरा त्याला लांबून दिसायचा. पेल्यातून तो काढा त्याच्यासमोर यायचा आणि ती समोर बसून राहायची. तो बरा झाला, की तिच्या खांद्यांवरून काहीतरी थोडंसं उतरायचं. एक तरी राखला, असं ती कधी म्हणाली नव्हती. म्हणायची गरजही नव्हती. ती त्या दिवसांत रात्री झोपायची, एवढ्यावरून कळायचं.

आणि हा गृहस्थ काय करत होता? पहिला घोट तिच्यासमोर घ्यायचा, मग "आणतो धुऊन पेला" म्हणत उठायचा आणि उरलेला बेसिनमध्ये. चव सहन व्हायची नाही हे खरं, पण तेवढंच नव्हतं. तिची ती नजर पेल्याबरोबर गिळावी लागायची, आणि ती त्या मुळ्यांपेक्षा कडू होती. तरी दर वेळी ओतल्यावर त्याला आजारी पडल्यासारखं वाटायचं, म्हणून तो सुईवाल्या बाईंकडे जायला लागला, चोरून, जेवणाच्या सुट्टीत. दुसऱ्या बाईकडे जाणारी माणसं त्यानं पाहिली होती. ती निदान अंगाला अत्तर वगैरे लावून जात. हा जाऊन पायमोजे काढून निजायचा. फरक पडत होता का, हे त्यानं शास्त्रशुद्ध तपासायचा प्रयत्नही केला. एका ऋतूत नुसता काढा घेतला, नाक दाबून, सगळाच्या सगळा, बरा झाला. पुढच्या ऋतूत काढा ओतून नुसत्या सुया घेतल्या, बरा झाला. त्याच्या पुढच्या वेळी दोन्ही घेतलं, तर आजारीच पडला नाही, त्यामुळे बरं व्हायला वावच राहिला नाही. आता तो अर्धा काढा पोटात, अर्धा मोरीत, आणि वर सुया, अशा तडजोडीवर आला होता. त्यातला नेमका कुठला अर्धा लागू पडतो ते देव जाणे. घरी ती शेजारणीला सांगायची, "माझ्या हातचा काढा सुरू झाल्यापासून हे बघ, ठणठणीत." तो मान डोलवायचा. मान डोलवली की डावीकडचं रिकामपण जरासं हलायचं.

यंत्रांच्या खोलीत शिरल्यावर तो पडद्यासमोर ताठ बसला. मान वाकवली तर सुई हलेल, आणि टाळूवर सगळ्या वाटा येऊन मिळतात. पंख्यांची घरघर आज वेगळी वाटत होती, जवळून येणारी, कदाचित आतून. एखाद्या मजल्याचं तापमान पडद्यावर किंचित चढलं आणि त्याच क्षणी त्याच्या कानाची पाळी गरम झाली. की आधी पाळी गरम झाली आणि मग आकडा चढला? त्याला वाटलं आपण नुसते ठीक नाही, फार ठीक आहोत. सगळं लख्ख दिसतं आहे, पाइपांवरची धूळसुद्धा. मग वाटलं, फार ठीक वाटणं हेच लक्षण नसेल ना? तिच्या भावालाही शेवटच्या संध्याकाळी फार हुशारी आली होती, असं मागून कुणीतरी म्हणालं होतं. त्यानं न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं, ओले हात सवयीनं केसांवरून फिरवले, आणि हात फिरवून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं. त्यानं टाळू चाचपली. काही नव्हतं. पुन्हा चाचपली. गुळगुळीत. जमिनीवर पाहिलं, बेसिनमध्ये पाहिलं, कॉलर झटकली. काही नाही.

"बघ रे जरा," तो फिटरला म्हणाला, "माझ्या डोक्यात सुई दिसते का."

फिटरनं चेहऱ्यावरची रेषही न हलवता टॉर्च घेतला. हवेच्या डक्टमध्ये बघतो तसा तो एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिला. "नाही साहेब. आणि असती तर दिसली असती. जंगल विरळ झालंय, लपायला जागा कुठाय?"

"नीट बघ. मघाशी होती."

"मघाशी होती आणि आता नाही, म्हणजे पडली."

"पडली असती तर सापडली असती."

"मग आत गेली असेल," फिटर म्हणाला आणि टॉर्च बंद केला. तो थट्टा करत होता. पंख्यांचे पट्टे बदलायला निघूनही गेला, शीळ घालत. पण बोलून गेलेली गोष्ट खोलीत राहिली. आत गेली असेल. त्यानं स्वतःच नाही का हातानं दाबली, ओल्या हातानं? केसाएवढी बारीक तर असते. डोकं म्हणजे काय, वरून सगळं हाडच. पण बाई म्हणायच्या तिथे सांधा असतो, तान्ह्या मुलाची टाळू तिथेच धडधडते. पन्नाशीला आलेल्या माणसाची धडधडत नाही हे त्याला माहीत होतं. माहीत असणं आणि वाटणं यांच्या तारा कुठेही जोडलेल्या नव्हत्या. त्यानं बाईंना फोन लावला. तो बंद होता, सुया लावताना त्या बंद ठेवत. साहेबांना सांगून तो लवकर निघाला आणि बाईंच्या दारापर्यंत जाऊन आला. दाराला कुलूप. संध्याकाळी उघडेल, असं शेजारच्या चावीवाल्यानं सांगितलं. रस्त्यावरची हवा गेल्या आठवड्यापेक्षा कोरडी झाली होती, झाडांखाली पानं पडली होती, आणि त्याला वाटलं की मागून येणारा तो हात आता खांद्यावर नाही, सरळ टाळूवर येणार आहे. इस्पितळात जावं? तिथे विचारतील, कुणी टोचली, कशासाठी, केव्हापासून. आणि मग घरच्यांना बोलावतील. ती येईल, साडीला खडूची पूड तशीच. घाईघाईनं, पुन्हा एकदा कुणालातरी बघायला. त्यापेक्षा आपणच घरी जावं. तिला सांगावं की नाही हे दारापर्यंत ठरवू, असं म्हणत तो दारापर्यंत आला, आणि काही ठरलं नव्हतं.

घरात वास होता. खिडकी उघडी, शेगडीवर पातेलं, बाजूला वाटीत कोमट तेल. "बरं झालं लवकर आलास," ती म्हणाली. "बस. हवा बघ कशी कोरडी झालीय. डोक्याला तेल लावते."

"नको."

"नको काय? बस म्हणते ना."

"डोक्याला हात नको लावूस."

ती वाटी घेऊन तशीच उभी राहिली. "का?"

खोटं बोलायला त्याच्याकडे निदान चार बऱ्या सबबी होत्या. पण त्या क्षणी त्याला तिच्या हातातलं तेल दिसलं, तेलाखाली आपली टाळू दिसली, तिची बोटं सुई आणखी आत सारताहेत आणि मग तिला ते कळतं आहे असं दिसलं. हे तिच्या हातून व्हायला नको, एवढंच त्याला स्पष्ट कळलं. दिवसभरात स्पष्ट कळलेली ती एकच गोष्ट. "डोक्यात सुई आहे," तो म्हणाला. "आत गेलीय बहुतेक." आणि मग एकदा तोंड उघडल्यावर ओल, चादर, यकृत, जेवणाची सुट्टी, बेसिन, सगळं एकामागून एक बाहेर पडलं. विचारलं नव्हतं तेही पडलं. बेसिनचं तर तिनं विचारलंच नव्हतं.

तिनं वाटी खाली ठेवली, त्याला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं, टेबलावरचा दिवा वायर पुरेल तितका ओढून आणला आणि "नंबर सांग" म्हणाली. फोन या वेळी लागला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

"टाळूवर?" सुईवाल्या बाई म्हणाल्या. "नाही हो, आज टाळूला हातच लावला नाही मी. आज नुसते पाय होते. दादा झोपले होते ना, त्यांना कळलं नसेल. सुया सगळ्या आहेत माझ्याकडे. काही त्रास होतोय का त्यांना?"

"बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिची बोटं त्याच्या केसांत आली. ती ओळीनं बघत होती, पेपर तपासते तशी, एक रेघही न सोडता. मधे मधे तिचा श्वास त्याच्या कपाळाला लागत होता. इतक्या जवळून तिनं त्याच्याकडे कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. बघायची ती पेल्याकडे. पातेल्यातला काढा आटत चालला होता, वास दाट होत होता आणि दोघांपैकी कुणी उठत नव्हतं. अचानक टाळूवर एक चिमटा बसला. "ही बघ तुझी सुई," ती म्हणाली, आणि त्याच्या तळहातावर एक केस ठेवला. पांढरा, जाड, तारेसारखा ताठ. पाण्यानं बसला होता, वाळल्यावर पुन्हा उभा राहिला होता. लिफ्टच्या दिव्यात चमकला असणार.

तो त्या केसाकडे बघत राहिला. सुई नव्हती, आणि तिच्यापायी जे बोलून बसलो ते मात्र होतं. ते काही आता उपटून काढता येणार नव्हतं.

"किती ओतायचास?" तिनं विचारलं. आवाज अगदी सपाट.

"अर्धा. आधी सगळा."

"आणि मी इथे थंडीत खिडकी उघडी टाकून उकळत बसते." ती शेगडीकडे गेली, गॅस बंद केला, पण पातेल्याला हात लावला नाही. पाठमोरीच म्हणाली, "मग बरा कशानं झालास?"

"माहीत नाही."

"सुयांनी?"

"माहीत नाही. बरा झालो का, तेही नक्की सांगता येत नाही."

"आजारी तरी होतास का?"

यावर त्यानं खरोखर विचार केला. "होतो असं वाटतं," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले काही नाही. त्यांनी काय कारण सांगितलं ते तुला सांगण्यासारखं नव्हतं."

तिला ते न सांगता कळलं. ती वळली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण तो कुणावर आहे हे तिलाही ठरवता येत नसावं. तो राग तिथे नुसता उभा होता, फाटक उघडं मिळालेल्या माणसासारखा, आत यावं की जावं अशा विचारात. त्याला वाटलं आता ती खाली बसेल आणि पुन्हा उठणार नाही, भाऊ गेला तेव्हा बसली होती तशी. ती खाली बसली खरी. स्टुलाच्या पायाशी, जमिनीवर, भिंतीला टेकून.

"ती बाई बोलते काय तुझ्याशी? तासभर?"

"काही नाही. हलू नका म्हणते, आणि जाते."

"एवढ्यासाठी जातोस?"

"बहुतेक."

"मी म्हटलं असतं की फुकट," ती म्हणाली. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "तो नुसतं गरम पाणी प्यायला, रे. मी सांगितलं तेवढंच प्यायला."

तुझ्या काढ्यानंच मी वाचलो असं म्हणावं, तर अर्ध्याचा हिशेब लागत नव्हता. तुझं काही चुकलं नव्हतं असं म्हणावं, तर ते लोक म्हणून गेले होते आणि त्याचा उपयोग झालेला त्यानं पाहिला नव्हता. तो स्टुलावरून उतरून तिच्या शेजारी भिंतीला टेकला. डावीकडे रिकामपण होतं की नाही हे त्यानं तपासून पाहिलं. तिचं डोकं तिथे त्याच्या खांद्यावर होतं, त्यामुळे नीट कळायला मार्ग नव्हता. उघड्या खिडकीतून कोरडी थंड हवा सरळ त्यांच्या अंगावर येत होती. खिडकी लावायला दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

सकाळी दोघांनाही सर्दी झाली होती.